शत्रूचे रणगाडे माझ्याकडे

दादा,

तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते सगळं खरंच होतं. अरुणशेठ सरळमार्गी माणूस. अरुणशेठच्या कारखान्यातली मूर्ती कधी कुठे तडकली नाय. अरुणशेठने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाय. हे शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि मी पानावरून उठले. मागच्या दारी जाऊन उभी राहिले. आतल्या बायकांना वाटलं, सख्खी बहीण आहे, रडत असेल. मी रडत नव्हते. मला राग आला होता.

तू गेलास म्हणून राग नाही. अण्णा गेले, आई गेली, तूही जाणारच होतास. पण तू काही न बोलता गेलास, आणि जाताना तुझ्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेलास. आता रोह्याला घरी येऊन चार दिवस झाले तरी तो राग उतरत नाही. हे पहिल्या शिफ्टला गेलेत, घरात कुणी नाही, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे. तू मध्येच उठून जाणार नाहीस, एवढी तरी खात्री आता आहे.

रणगाड्यांबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं म्हण. पेणमध्ये तू गणपतीवाला. तुझं आयुष्य कशावर उभं होतं ते, त्या दिवशी तरी मला वाटत होतं, फक्त मला माहीत होतं, आणि थोडंफार वहिनीला, तेही ‘त्यांचे ते पुठ्ठे’ एवढंच.

तुला आठवतं ना, विसर्जन झालं की अण्णांचा कारखाना कसा ओका व्हायचा? तोपर्यंत पाय ठेवायला जागा नसायची, आणि मग एकदम रिकाम्या फळ्या आणि जमिनीवर सांडलेले रंग. ती लांबरुंद जमीन आपली व्हायची. रद्दीतल्या एका जुन्या मासिकात तुला लढाईतल्या रणगाड्याचं चित्र सापडलं होतं. एकच चित्र, तेही बाजूने काढलेलं. समोरून तो कसा दिसतो, मागून कसा दिसतो, हे तू मनाने ठरवलंस. पहिला रणगाडा चपलांच्या खोक्याचा केलास. मैद्याची खळ इतकी पातळ केली होतीस की सकाळपर्यंत तो भिजलेल्या पावासारखा खाली बसला. तू त्याच्याकडे बघून म्हणालास, “कागद चुकला.” खळ चुकली असं तू म्हणाला नाहीस. खळ तू केली होतीस.

मग लग्नपत्रिकांचा शोध लागला. त्या जाड, गुळगुळीत कागदाची घडी ब्लेडच्या पाठीने ओढून घेतली की काटकोनात वळायची. गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की आपण दोघं पत्रिकेची वाट बघायचो. आई म्हणायची, “पोरांना लग्नाचं भारी कवतिक.” आपला एकेक रणगाडा उलटा करून आत डोकावलं तर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं वाचता यायचं. स्वेटर विणायच्या सुईवर कागदाची पट्टी गुंडाळून तू तोफेची नळी करायचास. चाकं माझ्याकडे. शर्टाचं बटण ठेवून गोल काढायचे, कापायचे, तीन तीन एकावर एक चिकटवायचे, आणि सुकले की कडा वाळूच्या कागदावर घासायच्या. एका रणगाड्याला किती चाकं लागतात ते ज्याने कापली त्यालाच कळतं. वर जी रिवेटं दिसायची ती कागदाच्या मागून सुईने टोचून उठवलेली असायची, तीही मीच. तू फक्त म्हणायचास, “एका ओळीत हवीत, कुंदे. कंपनीत बनवलेलं वाटलं पायजे.”

आणि रंग. पहिल्यांदा रंग तू दिलास. अण्णांच्या बाटल्यांतली एक उचललीस आणि मोठ्या प्रेमाने पूर्ण रणगाडा रंगवून माझ्यासमोर ठेवलास. मी म्हटलं, “दादा, लाल मातीचा का केलास?” तू म्हणालास, “लाल कुठे? हिरवा हाय.” मी हसले. तू माझ्यावर इतका भडकलास की तो रणगाडा भिंतीवर फेकलास. मग बराच वेळ त्या दोन बाटल्या हातात धरून उजेडात बघत बसलास, एकदा ही, एकदा ती. शेवटी मला म्हणालास, “यातली हिरवी कुठली?”

मी दाखवली. त्या दिवसापासून रंग माझ्याकडे आले. मी कुणाला सांगितलं नाही. ज्या घरात बाप गणपतीचे डोळे आखतो, ज्या घराची चूल रंगावर पेटते, त्या घरात थोरल्या मुलाला लाल आणि हिरवं एकच दिसतं, हे सांगायचं कसं? तू मला शपथही घातली नव्हतीस. मी आपली गप्प राहिले. पाट-पीतांबर रंगवायची वेळ आली की अण्णा तुला हाक मारायचे आणि मी पुढे धावायचे, “मी करते, दादाला साचे धुवायचेत.” अण्णांना वाटायचं, पोरीला रंगाची हौस आहे.

खेळात मात्र तू एक नियम पहिल्या दिवशी केलास आणि कधी बदलला नाहीस. आपल्या बाजूचे रणगाडे तुझे. शत्रूचे माझे. आणि शत्रूचे नेहमी कमी. मी विचारलं तर म्हणालास, “मग आपण हरायचं काय?” गोणपाटाखाली विटा ठेवून टेकड्या, निळ्या सुतळीची नदी, फुटपट्टीने मोजून चाल, आणि समोरून गोळा बसला तर फाशावर सहाच पडायला हवेत, बाजूने बसला तर चारही चालतील. हे नियम तुझे. मी कमी रणगाड्यांनिशी खेळून खेळून एवढं शिकले की समोरासमोर जायचंच नाही. टेकडीमागे थांबायचं, तुला घाई होते तिची वाट बघायची, आणि तू वळलास की बाजूने मारायचं. तू प्रत्येक वेळी वळायचास. हरलास की फासे उचलून म्हणायचास, “तू लबाडी करतेस.” एकदाही ‘चांगलं खेळलीस’ म्हणाला नाहीस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुतळी घेऊन बोलवायला तूच यायचास. तेवढ्यावर मी खूश असायचे. किती कमी लागायचं मला तेव्हा.

तू लष्कराच्या तपासणीला गेलास तेव्हा मला माहीत होतं काय होणार ते. तुलाही माहीत असणार. तरी गेलास. ठिपक्यांची पानं समोर धरली, आकडा वाच म्हणाले, आणि तुला नुसते ठिपके दिसले. परत आलास आणि ओट्यावर बसून बूट न काढताच अण्णांना सांगितलंस. अण्णा म्हणाले, “रंग दिसत नाय? माझ्या पोराला?” त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तुला त्यांनी साच्यांवर बसवलं आणि रंगाच्या खोलीत हाक मारणं बंद केलं. तुझ्याबद्दल मला तेव्हा जेवढी माया वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही. हे मी खरं सांगते आहे. वाईट वाटलं तर वाटू दे.

त्यानंतर काही वर्षांनी पेपरात जाहिरात आली की बायकांना लष्करात अधिकारी म्हणून घेणार. माझं कॉलेज संपलं होतं. अर्ज मी तुझ्यासमोर बसून भरला, दादा. चोरून नाही. तू साच्याला तेल लावत होतास. म्हणालास, “रणगाड्यात थोडीच बसवणार हायेत तुला. कोठारातलं धान्य मोजायला लावतील.” मी म्हटलं, “मोजीन.” तू हसलास. मी धरून चालले की तू माझ्या बाजूने आहेस.

मुलाखतीचं बोलावणं आलं. जेवताना अण्णांनी विषय काढला. आई वाढत होती. अण्णा माझ्याशी बोललेच नाहीत, तुझ्याकडे वळले. “अरुण, तुला त्यातलं कळतं. तू सांग. पाठवायची काय हिला?”

तू भात कालवत होतास. वर पाहिलं नाहीस.

“नको,” म्हणालास.

“का?” हे मी विचारलं. अण्णांनी नाही. त्यांचं काम झालं होतं.

“नको म्हणजे नको. ती बाईमाणसाची जागा नाय.”

“इतकी वर्षं मला काय शिकवलंस मग?”

“तो खेळ होता, कुंदे. पुठ्ठा आणि खळ.”

एवढंच. ताट संपवलंस, हात धुतलास आणि कारखान्यात गेलास. अण्णा जाऊ देणारच नव्हते, असं नंतर आई मला समजावत राहिली. असेल. पण अण्णांना त्या दिवशी खात्री नव्हती, म्हणून तर त्यांनी विचारलं. ‘हो’ म्हणायला तुला काय लागलं असतं? त्यांनी नाही म्हटलं असतं तर तो त्यांचा निर्णय झाला असता. माझ्या बाजूने एक माणूस तरी उभा होता एवढं मला आयुष्यभर पुरलं असतं. त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी रोह्याला आले. माझ्या पत्रिकेचा कागद चांगला जाड होता. तिचं तू काही केलंस का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अण्णा गेल्यावर तू पहिल्यांदा माझ्या घरी राहायला आलास. भाऊबीज होती. हातात गोणपाटाची पिशवी. सासूबाईंना वाटलं फराळाचं असेल. तू बैठकीच्या खोलीत जमिनीवर एकेक रणगाडा मांडलास. सगळे नवे. झाकणं उघडणारे, बुरूज फिरणारे, चाकांच्या मागे कागदाच्या दांड्या लावलेल्या. रंग नव्हता. पांढरे, कोरे. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “लोकांचे भाऊ साडी आणतात, हिचा रणगाडे घेऊन आलाय.” तू मला म्हणालास, “रंगवून दे. आणि खेळायचं काय?”

मी तुला हाकलायला हवं होतं. मी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली सुतळी शोधत होते.

त्यानंतर दर वर्षी तू येत राहिलास, सीझन संपला की. नागोठण्याला गाडी बदलून, पिशवी मांडीवर सांभाळत. कारण एकदा वडखळला गर्दीत एका बाईने तुझ्या पलटणीवर भाजीची पिशवी ठेवली होती. त्या दुपारींनी मला जगवलं, हे मान्य करते. कंपनीच्या वासाची, शिफ्टच्या भोंग्याची, दुसऱ्यांच्या वेळेवर चालणारी माझी बाकीची वर्षं मला नीट आठवत नाहीत. त्या दुपारी आठवतात. तू गुडघ्यावर वाकून डोळा जमिनीला लावायचास, तोफेतून दिसतं तसं बघायचास आणि म्हणायचास, “इथून तू दिसत नायस.” मी म्हणायचे, “म्हणूनच तिथे आहे.” सगळं बोलायचो आपण. आईचा दम्याचा त्रास, मूर्तींतलं प्लास्टरचं वाढतं खूळ, वहिनीला उशिरा दिवस गेले ते, ऋतूचं बारसं. एक गोष्ट सोडून सगळं. आणि शत्रूचे रणगाडे अजून माझ्याकडेच.

विचारलं नाही असं नाही. नगरकडच्या त्या लग्नाला गेलो होतो तेव्हा रस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर खरा रणगाडा ठेवलेला दिसला. तू गाडी थांबवायला लावलीस. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस, पण कुंपणावरून वाकून पट्ट्यावर हात फिरवत होतास, वितीने मोजत होतास. तुझे डोळे भरले होते. मला वाटलं, आता हा बोलेल. म्हणून मी विचारलं, “दादा, त्या दिवशी अण्णांना नको का म्हणालास?”

तू मोजायचा थांबला नाहीस. म्हणालास, “आपला मागच्या बाजूने आखूड होतो, कुंदे. इतकी वर्षं चुकीचा करतोय आपण.”

“मी काय विचारते आहे?”

“ऐकलं मी,” म्हणालास. आणि गाडीत जाऊन बसलास.

त्या दिवशीच मी येणं-जाणं तोडायला हवं होतं. पण पुढच्या सीझनला तू मागची बाजू दुरुस्त केलेले रणगाडे घेऊन आलास आणि मी रंग काढले. माझा राग असा. दारात पिशवी दिसली की बाजूला सरकायचा, तू गेलास की पुन्हा जागेवर येऊन बसायचा.

मग तुझं पोटाचं दुखणं. ते तू वहिनीलाही उशिरा सांगितलंस. मी पेणला यायला लागले तेव्हा तू पलंगावरच होतास, मांडीवर पाट आणि त्यावर अर्धा झालेला रणगाडा. बोटांत जोर नव्हता, घडीवर ब्लेड ओढलं तर कागद नुसता चुरगळायचा. मी म्हटलं, दे इकडे. दिला नाहीस. मी चाकं कापत बसले आणि तू त्याच एका घडीशी झगडत बसलास. ऋतू दारातून येऊन बघून जायची. मधे तू म्हणालास, “ही लेखी परीक्षा पास झाली. लष्कराच्या अकादमीची.” मला वाटलं, वाक्य पुढे जाईल. मी कात्री थांबवली. तू म्हणालास, “खळ जरा घट्ट कर.”

मी खळ घट्ट केली, दादा. दुसरं काय करणार होते? आठवड्याने फोन आला.

आता तेराव्यानंतरचं ऐक, कारण ते तुला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. वहिनी आणि ऋतू दोघी समोर येऊन बसल्या. ऋतूच्या हातात मुलाखतीचं बोलावणं. पुढच्या महिन्यात भोपाळला जायचंय. वहिनी म्हणाली, “हिच्या बाबांना हिने विचारलं होतं. ते म्हणाले, आत्या सांगेल तसं करा. तर आता तुम्ही सांगा.”

मला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“मी काय सांगणार? आई तू आहेस तिची,” मी म्हटलं.

“माझं नायच हाय,” वहिनी म्हणाली. “हे गेले. कारखाना कोण बघणार? मी या घरात एकटी काय करू? पण मरणाऱ्याचा शब्द हाय, म्हणून विचारते. तुम्ही नको म्हटलंत की झालं. ती ऐकेल तुमचं.”

ऋतू तुझ्यासारखी खाली बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, सरळ.

तेव्हा मला समजलं की तू मला कुठे आणून बसवलंस. तुझ्याच पाटावर. समोर एक पोर, बाजूला रडवेली बाई, आणि एका शब्दाची वाट बघणारं घर. ‘नको’ हा शब्द किती जवळ असतो, ते मला त्या क्षणी कळलं. तोंडात तयारच असतो. वहिनीच्या डोळ्यांकडे बघून तो बोलणं अगदी सोपं होतं. चांगुलपणाचंही दिसलं असतं. तुला तेव्हा असंच काही वाटलं असेल का? अण्णांचे थकलेले खांदे दिसले असतील? की मी जाईन आणि तू साच्यांपाशी राहशील, हे दिसलं असेल? मला कळत नाही. आणि दादा, तुझी अडचण कळली म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. माझ्या हातातही तोच शब्द होता. मी तो बाजूला टाकला.

मी म्हटलं, “जाऊ दे तिला.”

वहिनी मग म्हणाली, “तुमची पोर असती तर?”

“तरी.”

“बोलायला काय जातंय तुमचं. तुम्ही रोह्याला जाल. मी हितं भिंतींशी बोलेन.” ती उठली आणि आत गेली. मी जाताना बाहेर आली नाही. काल फोन केला तर उचलून ऋतूच्या हातात दिला. तुझ्या बायकोशी माझं इतक्या वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. तेही तू जाता जाता करून गेलास. भोपाळला तिच्याबरोबर मीच जाणार आहे, कारण वहिनी तिला स्टेशनवरही सोडायला येणार नाही म्हणते.

ऋतू मला स्टँडपर्यंत पोचवायला आली होती. तुझ्यासारखीच भरभर चालते, बोलते मात्र भरपूर. रस्ताभर सांगत होती की तू तिला खेळायला कधी शिकवलंस, माझ्याकडून रंगवून आणलेले रणगाडे तिच्यासमोर कसे मांडायचास. मी सहज विचारलं, “शत्रू कोण व्हायचं?”

“बाबाच,” ती म्हणाली. “मी म्हणायचे मला होऊ द्या एकदा, तर नाय म्हणायचे. आपली बाजू तुझी, म्हणायचे.”

मी पदर सारखा केला. गाडी लागली नव्हती. बाकावर बसलो.

ती म्हणाली, “आत्या, बाबांनी तुला जाऊ दिलं नव्हतं ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी. म्हणाले, कुंदाला मी अडवलं, ती माझ्यापेक्षा चांगली होती, तिने जायला हवं होतं. मी म्हटलं, मग सांगा ना तिला. तर म्हणाले, आता काय सांगू.”

रोह्याची गाडी लागली. ऋतूने माझी पिशवी आत चढवून दिली, खिडकीची जागा धरून दिली. मी तिला म्हटलं, नीट जा, आईशी भांडू नकोस. गाडी वडखळच्या पुढे गेली तरी मी त्याच एका वाक्यावर अडकले होते. म्हणजे तुला ठाऊक होतं. शब्दसुद्धा तयार होते, जुळवलेले, नीट एका ओळीत. मी तुझ्या पलंगाशी बसून चाकं कापत होते, हाताच्या अंतरावर, आणि तू माझ्याकडे खळ मागितलीस.